स्वमग्नतेचा माग मेंदूच्या तळापर्यंत

लिओ कॅनर या बाल्टिमोरमधल्या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. त्या लेखातले लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच: ही मुले माणसांत असून नसल्यासारखी वागतात, एकाच गोष्टीत तासन्‌तास रमतात, रोजच्या क्रमात काही इकडचे तिकडे झाले की बिथरतात. कॅनरने मात्र आणखी बरेच टिपून ठेवले होते. यातल्या कित्येक मुलांना अगदी तान्हेपणापासून दूध पाजणे, भरवणे हीच एक परीक्षा होती. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी, अंडी फेटायचे यंत्र अशा साध्या आवाजांनी आणि हलणाऱ्या वस्तूंनी ती भेदरून जात. उचलून घ्यायला कोणी वाकले की बाळ एरवी आपसूक अंग सावरते, ती तयारी या मुलांत दिसत नसे. गिळणे, दचकणे, अंगाचा तोल सावरणे ही कामे भाषेची किंवा विचाराची नव्हेत. मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो त्या मस्तिष्कस्तंभात, डॉक्टरांच्या बोलीत ब्रेनस्टेममध्ये, त्यांची मुख्य जुळणी होते. तरीही पुढची बरीच दशके संशोधनाचा सगळा झोत मोठ्या मेंदूच्या बाह्य थरावर, कॉर्टेक्सवर राहिला. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. बोलणे, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणे, चेहरे ओळखणे ही स्वमग्नतेत अडणारी कामे कॉर्टेक्सची, तेव्हा दोषही तिथेच असणार, हा तर्क सरळ वाटतो. या लेखाचे म्हणणे असे की तो तर्क निम्माच खरा आहे. मोठेपणी जे काम अडते ते कॉर्टेक्सचे असेल, पण त्या अडण्याची सुरुवात काही मुलांमध्ये तरी फार आधी आणि फार खाली झालेली असते. हाती असलेला पुरावा एवढे म्हणायला पुरतो. याहून मोठा दावा करायला तो पुरत नाही.

मस्तिष्कस्तंभ जेमतेम अंगठ्याएवढा. मध्यमेंदू, पॉन्स आणि लंबमज्जा हे त्याचे तीन भाग. शाळेच्या पुस्तकात तो श्वास, हृदयाचे ठोके, खोकला आणि शिंक सांभाळणारा भाग म्हणून एका परिच्छेदात उरकला जातो आणि विद्यार्थी तो तेवढाच लक्षात ठेवतात. प्रत्यक्षात डोक्यातून निघणाऱ्या १२ चेताजोड्यांपैकी १० जोड्यांची केंद्रे इथे आहेत. कानातून आलेला आवाज, आतल्या कानाने टिपलेला तोल, जिभेवरची चव, चेहऱ्यावरचा स्पर्श, आतड्यातून वेगस चेतेवाटे येणाऱ्या खबरी हे सगळे आधी इथे पोचते, मग वर जाते. बाहुली आक्रसणे, नजर झटकन वळवणे, चेहऱ्यावर हसू उमटणे यांच्या आज्ञा इथूनच सुटतात. शिवाय सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने सबंध मेंदूला पुरवणाऱ्या पेशींचे पुंजकेही इथेच आहेत. जागे किती राहायचे, कशाकडे लक्ष द्यायचे, कशाने घाबरायचे याची पातळी ते ठरवतात. या यादीशेजारी स्वमग्न मुलांच्या पालकांच्या रोजच्या तक्रारी ठेवून पाहाव्यात. झोप लागत नाही, ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही खात नाही, पोट बिघडलेले असते, कुकरच्या शिट्टीला कान झाकतो, नजर भिडवत नाही, चेहऱ्यावर भाव फारसे उमटत नाहीत. बराच काळ या तक्रारी मूळ दुखण्याच्या सोबतच्या किरकोळ बाबी मानल्या गेल्या. संवेदनांना अति किंवा अल्प प्रतिसाद हे अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीत लक्षण म्हणून समाविष्ट व्हायला २०१३ साल उजाडले.

मस्तिष्कस्तंभाकडे पहिले बोट दाखवले ते बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ साली. त्या काळी अमेरिकेत थंड, मायाहीन आईमुळे मूल स्वमग्न होते असे खुशाल सांगितले जाई, आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारखे वजनदार लोक ते सांगत. रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. हा दोष जैविक आहे असे त्यांनी पुस्तकभर पुराव्यानिशी मांडले आणि त्याची जागा म्हणून मस्तिष्कस्तंभातल्या जाळीदार रचनेचे, रेटिक्युलर फॉर्मेशनचे नाव घेतले. जागा बरोबर की चूक हा प्रश्न मागाहूनचा. दोष आईच्या मांडीवरून उचलून मेंदूत नेऊन ठेवणे हेच मोठे काम होते. (आपल्याकडे ते अजून पुरे झालेले नाही. गरोदरपणात काय खाल्ले, मोबाइल किती दाखवला, हे प्रश्न आजही बहुधा आईलाच विचारले जातात.) त्याच दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड ऑर्निट्झ आणि एडवर्ड रिट्व्हो यांनी मुलांना फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवले. खुर्ची थांबली की डोळे काही सेकंद डावी-उजवीकडे थरथरत राहतात. स्वमग्न मुलांत ही थरथर लवकर थांबत होती. तोल सांभाळणाऱ्या केंद्रांकडे जाणारा हा पहिला मोजता येणारा धागा. पण नमुने लहान होते आणि खोलीत उजेड आहे की अंधार यावर निकाल बदलत होते, म्हणून तो धागा पुढे सैल पडला.

खरी कलाटणी अनपेक्षित दिशेने आली. थॅलिडोमाइड हे झोपेचे आणि मळमळीचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले आणि १९६१च्या अखेरीस मागे घेतले गेले. मधल्या काळात हजारो मुले हातपायांच्या व्यंगासह जन्मली. या औषधाचा क्रूर तपशील असा की गर्भधारणेनंतर नेमक्या कोणत्या दिवशी ते घेतले यावर व्यंग ठरत असे. आधीच्या दिवसांत घेतले तर कान आणि चेहऱ्याच्या चेता बिघडत, नंतर घेतले तर हात, त्यानंतर पाय. म्हणजे शरीरावरचे व्यंग पाहून औषधाची तारीख मागे मोजता येत होती. केर्स्टिन स्ट्रोमलँड आणि मेरिलिन मिलर या दोन नेत्रतज्ज्ञ स्वीडनमधल्या थॅलिडोमाइडग्रस्त प्रौढांच्या डोळ्यांच्या हालचाली तपासत होत्या. त्यांच्या १९९४ सालच्या अहवालानुसार सुमारे १०० जणांच्या त्या गटात किमान चौघे स्वमग्न होते. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे समाजातले प्रमाण हजारात एखादे असताना हा आकडा चक्रावणारा होता. त्याहून बोलका होता तो त्या चौघांचा देह: कानांत व्यंग, चेहऱ्याच्या आणि डोळ्यांच्या स्नायूंना बाधा, हातपाय मात्र बव्हंशी शाबूत. हिशेब मागे नेला की घाव गर्भधारणेनंतर २० ते २४ दिवसांच्या आसपास बसलेला. त्या दिवसांत कॉर्टेक्सचा पत्ताही नसतो. चेतानलिका अजून पुरती मिटलेली नसते आणि मस्तिष्कस्तंभातल्या चेहऱ्याच्या व डोळ्यांच्या चेतांच्या पहिल्या पेशी नुकत्या घडू लागलेल्या असतात.

रॉचेस्टर विद्यापीठातल्या पॅट्रिशिया रोडियर या गर्भविकारतज्ज्ञाने हा धागा उचलला. एका दिवंगत स्वमग्न स्त्रीचा मस्तिष्कस्तंभ त्यांनी कापाकापाने तपासला आणि १९९६ साली निष्कर्ष छापले. चेहऱ्याच्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या केंद्रात तुलनेच्या मेंदूत ९,००० च्या घरात चेतापेशी होत्या, या मेंदूत सुमारे ४००. आवाजाची दिशा ठरवणारे सुपिरियर ऑलिव्ह हे केंद्र जवळजवळ नव्हतेच, आणि त्या जागी मस्तिष्कस्तंभ आखूड झाला होता, मधला एखादा पट्टा काढून घ्यावा तसा. हॉक्सए१ नावाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत अगदी असाच आखूडपणा दिसतो. हे जनुक गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत मागच्या मेंदूची आखणी करते. शोधाची ही साखळी फार सुंदर जुळली होती, आणि इतकी सुंदर जुळणारी साखळी दिसली की वाचकाने सावध व्हावे. हॉक्सए१च्या एका सर्वसाधारण प्रकाराचा स्वमग्नतेशी संबंध असल्याचे २००० साली जाहीर झाले, पण इतर गटांनी पडताळले तेव्हा ते टिकले नाही. टिकले ते दुसरेच काही. याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेली मोजकी कुटुंबे २००५ साली सापडली. त्यांतल्या मुलांना नजर आडवी वळवता येत नव्हती, बऱ्याच जणांना ऐकू येत नव्हते, आणि त्यांतली काही स्वमग्न होती. व्हॅलप्रोएट या फिटांवरच्या औषधाचेही तसेच. रोडियर यांनी गर्भिणी उंदरांना ते ठरावीक दिवशी दिले तेव्हा पिलांच्या मस्तिष्कस्तंभातल्या चेतापेशी घटल्या. माणसांत डेन्मार्कच्या २०१३ सालच्या नोंदणी-अभ्यासाने साडेसहा लाखांवर मुले पाहिली. गर्भात व्हॅलप्रोएट पोचलेल्या ५०८ मुलांत स्वमग्नतेचा धोका ४.४२ टक्के निघाला, एकूण मुलांत १.५३ टक्के. (फिटा येणाऱ्या स्त्रीने हे वाचून गोळी मनाने बंद करू नये, फिटा अनावर झाल्या तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. औषध बदलायचे ते गर्भधारणेच्या आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने.)

यावर पहिला आक्षेप येतो तो संख्येचा. चार स्वीडिश माणसे, एक मेंदू, काही दुर्मीळ कुटुंबे एवढ्यावर स्वमग्नतेसारख्या व्यापक अवस्थेचा उलगडा कसा करायचा? पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या २०१९ सालच्या अभ्यासाने स्वमग्नतेतला आनुवंशिक वाटा ८० टक्क्यांच्या आसपास ठरवला. औषधांच्या दुष्परिणामांना त्यात जागा फार थोडी. आक्षेप रास्त आहे. पण थॅलिडोमाइडच्या पुराव्याकडे कारण म्हणून न पाहता तारखेची खूण म्हणून पाहिले, तर त्याचे मोल कमी होत नाही. बहुतेक स्वमग्न माणसे त्या औषधाच्या वाऱ्यालाही गेलेली नाहीत हे खरेच. तरीही गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मस्तिष्कस्तंभाला लागलेला धक्का वर्षानुवर्षांनी स्वमग्नतेच्या रूपात दिसू शकतो, एवढे त्या चौघांनी दाखवून दिले. शक्यता सिद्ध करायला चार माणसे पुरतात. ती शक्यता किती जणांच्या बाबतीत खरी आहे, हे मात्र त्यांच्यावरून ठरत नाही.

त्यासाठी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंकडे वळावे लागते आणि तिथे चित्र गढूळ होते. मार्गारेट बाउमन आणि थॉमस केम्पर यांनी १९८५ पासून एकेक मेंदू कापून पाहिला. लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशी त्यांना कमी दिसल्या. या पेशींना मस्तिष्कस्तंभातल्या इन्फिरियर ऑलिव्ह या केंद्राकडून तंतू येतात, आणि जोडणी पक्की झाल्यावर पुर्किन्ये पेशी मेल्या तर ऑलिव्हच्या पेशीही मागोमाग सुकतात. इथे त्या सुकल्या नव्हत्या. त्यावरून दोघांनी ताडले की पुर्किन्ये पेशी जोडणीआधीच, म्हणजे गर्भाच्या साधारण ३० आठवड्यांच्या आत, गेल्या असाव्यात. तर्क चोख होता, पण २००९ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून त्याच्या विरोधातला पुरावा आला. पुर्किन्येंच्या शेजारच्या, त्यांच्यानंतर घडणाऱ्या पेशी शाबूत होत्या. म्हणजे पुर्किन्ये पेशी आधी नीट घडल्या आणि पुढे केव्हातरी गेल्या. स्वतःचा लाडका निष्कर्ष स्वतःच असा मोडणारे संशोधक कमी असतात, आणि या क्षेत्रावर थोडाफार विश्वास ठेवावासा वाटतो तो अशा कामामुळे. अँथनी बेली आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली तपासलेल्या सहा मेंदूंतही ऑलिव्हच्या रचनेत दोष होते, पण कॉर्टेक्समध्येही होते. रँडी कुलेसा यांनी आवाजाची दिशा ठरवणाऱ्या सुपिरियर ऑलिव्हच्या मधल्या भागातल्या पेशी मोजल्या, तेव्हा स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंत त्या लहान, गोलसर आणि संख्येनेही कमी निघाल्या. दोन कानांवर आवाज पोचण्यातला सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावा लागणारा फरक हेच केंद्र टिपते. लग्नाच्या मांडवात, भर गोंगाटात समोरच्याचे बोलणे वेगळे काढता येते ते त्याच्या जोरावर. तिथे कसर असेल तर गर्दीत ते मूल का कोलमडते याचे एक साधे, शारीरिक उत्तर मिळते. तरी हे सगळे मेंदू मिळून काही डझनांच्या पुढे जात नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांना फिटा होत्या, वर्षानुवर्षे औषधे चालू होती, काहींचा मृत्यू बुडून झाला होता. मेंदूत दिसलेली खूण स्वमग्नतेची की यांतल्या कशाची, हे ठरवणे अवघड जाते.

जिवंत माणसाच्या मस्तिष्कस्तंभात डोकावण्याचा एक मार्ग मात्र महाराष्ट्रातल्या हजारो पालकांना नावाने ठाऊक आहे: ‘बेरा’ टेस्ट. मूल दोन-अडीच वर्षांचे झाले, बोलत नाही, हाकेला वळत नाही, म्हणून डॉक्टरांकडे नेले की आधी ही चाचणी सांगितली जाते. मुलाला गुंगीचे औषध पाजून निजवतात, कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात हजारभर बारीक टकटक सोडतात आणि मिळालेल्या विद्युतलहरींची सरासरी काढतात. पडद्यावर दहा मिलिसेकंदांच्या आत पाच लहरी उमटतात. पहिली कानाच्या चेतेची, मधल्या लहरी सुपिरियर ऑलिव्हच्या परिसरातल्या, आणि पाचवी मध्यमेंदूला टेकता टेकता येणारी. प्रौढांत ही पाचवी लहर साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांनी येते, तान्ह्या बाळात थोडी उशिरा. रिपोर्टमध्ये पालक आणि डॉक्टर दोघेही पाहतात ते किती डेसिबलपर्यंत पाचवी लहर दिसली, म्हणजे ऐकू येते की नाही, एवढेच. पण लहरींमधले अंतर हे मस्तिष्कस्तंभाच्या वेगाचे थेट मोजमाप आहे. आवाज कॉर्टेक्सपर्यंत पोचण्याच्या आधीचा हा सगळा मामला असल्याने लक्ष, इच्छा, समज यांचा त्यात फारसा हात नसतो.

स्वमग्न मुलांत हे अंतर वाढलेले असते असे १९७८ साली स्टुडंट आणि सोमर या इस्राएली संशोधकांनी प्रथम सांगितले. नंतरच्या १५ वर्षांत कोणाला अंतर वाढलेले सापडले, कोणाला घटलेले, कोणाला काहीच फरक नाही. १९९३ साली अमी क्लिन यांनी सगळे अभ्यास एकत्र वाचून झोड उठवली: मुलांची ऐकण्याची क्षमताच नीट तपासलेली नाही, कानातला दोष मस्तिष्कस्तंभाच्या माथी मारला जातो आहे. तो आढावा इतका पटण्याजोगा होता की विषय काही काळ थंडच पडला. तो पुन्हा तापला तो वयाकडे लक्ष गेल्यावर. २०१८ साली ओरेन मिरॉन आणि सहकाऱ्यांनी जुने-नवे अभ्यास वयानुसार वेगळे करून मांडले, तेव्हा बाळांत आणि मुलांत पाचवी लहर उशिरा, आणि प्रौढांत मात्र उलट लवकर, असा आकृतिबंध दिसला. सगळी वये एका टोपलीत टाकल्यावर निकाल एकमेकांना खोडणारच होते. २०२१ साली त्याच गटाने फ्लोरिडातल्या जवळजवळ १ लाख ३९ हजार नवजात बाळांच्या श्रवणचाचणीच्या नोंदी पुढच्या निदानांशी ताडून पाहिल्या. ज्या ३२१ बाळांना पुढे स्वमग्नतेचे निदान झाले त्यांचा प्रतिसाद जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच गटाच्या सरासरीने संथ होता. माझ्या मते सबंध विषयातला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. मुले निदानाच्या आधी तपासली गेली, ती निवडून आणलेली नव्हती, आणि तपासणाऱ्याला पुढचे काही ठाऊक नव्हते. तरी त्याचा आवाका ओळखून असावे. फरक मिलिसेकंदाच्या अंशात आहे आणि दोन्ही गटांचे आकडे बव्हंशी एकमेकांवर पडतात, त्यामुळे एकट्या बाळाचा आलेख पाहून काहीही भाकीत करता येत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांतही प्रतिसाद संथ असतो, म्हणजे ही खूण एकट्या स्वमग्नतेची नाही.

डोळ्याच्या बाहुलीनेही वयाचीच गोष्ट सांगितली आहे. उजेड पडला की बाहुली आक्रसते, त्याची आज्ञा मध्यमेंदूतून येते. मोठ्या स्वमग्न मुलांत हा प्रतिसाद मंद आणि कमी असल्याचे आढळले होते. २०१८ साली स्वीडन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी नऊ-दहा महिन्यांच्या बाळांत तो मोजला, तर पुढे स्वमग्न निघालेल्या बाळांत तो उलट जास्त होता. एका वयात जास्त, पुढच्या वयात कमी, म्हणजे घडण्याचा क्रम आणि गती वेगळी. सेरोटोनिनबद्दल थोडक्यात: काही स्वमग्न मुलांच्या रक्तात ते वाढलेले असते हे १९६१ पासून ठाऊक आहे, पण रक्तातले सेरोटोनिन आतड्यातून येते, त्यामुळे मस्तिष्कस्तंभाबद्दल त्यातून फारसे कळत नाही. ताप आला की काही स्वमग्न मुले तेवढ्यापुरती अधिक मोकळी वागतात, या निरीक्षणावरून नॉरॲड्रेनॅलिनच्या केंद्राला, लोकस सेरुलियसला, मुख्य आरोपी ठरवणारा सिद्धांतही २००९ साली आला. तो वाचायला रंजक आहे. मात्र त्या केंद्राच्या पेशी मोजल्या गेल्या तेव्हा त्यांत घट दिसली नव्हती.

एमआरआयच्या युगात हे सगळे केव्हाच मिटायला हवे होते, असे कोणी म्हणेल. मिटले नाही याला तांत्रिक कारण आहे. मस्तिष्कस्तंभ आकाराने लहान, त्यातली केंद्रे काही मिलिमीटरांची, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर भोवतीचे पाणी हलते तसा तोही हलतो. त्यामुळे प्रतिमा पुसट येतात, आणि कॉर्टेक्ससाठी आखलेल्या बऱ्याच अभ्यासांत तो विश्लेषणातून गळत राहिला. जपानमध्ये हाशिमोतो यांच्या गटाने १९९५ साली स्वमग्न मुलांत तो लहान असल्याचे मोजले, इतर काहींना फरक दिसला नाही. गेल्या काही वर्षांत विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रिटनी ट्रॅव्हर्स यांच्या गटाने त्यातले तंतुमार्ग नीट दिसतील अशा पद्धती बसवायला घेतल्या आहेत. थोडक्यात, ‘मेंदूच्या प्रतिमांत फारसे काही सापडत नाही’ हे विधान आजवर पुष्कळसे न पाहण्याबद्दलचे होते.

आता सर्वांत जड दोन आक्षेप. पहिला जनुकांचा. स्वमग्नतेशी निगडित शंभरावर जनुके आज पक्की ठाऊक आहेत. ती केव्हा आणि कुठे जोरात काम करतात हे २०१३ साली तपासले गेले, तेव्हा उत्तर आले: गर्भाच्या मधल्या काळात, कॉर्टेक्समध्ये. २०१४ साली स्वमग्न मुलांच्या ११ पैकी १० मेंदूंत कॉर्टेक्सच्या थरांत विस्कळीत ठिगळे सापडली. दुसरा आक्षेप अमी क्लिन यांचाच, वॉरन जोन्स यांच्या जोडीने. नवजात बाळ चेहऱ्याकडे वळते ते मध्यमेंदूतल्या सुपिरियर कॉलिक्युलस या केंद्राच्या प्रेरणेने, असे मानले जाते. स्वमग्नतेत मस्तिष्कस्तंभ जन्मतः बिघडलेला असेल तर ही ओढ पहिल्या दिवसापासून कमी हवी. त्यांनी २०१३ साली दाखवले की पुढे स्वमग्न निघालेली बाळे दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडे इतरांइतकीच पाहत होती, आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत ते पाहणे ओसरत गेले. बाळे मोजकीच होती, तरी हा घाव वर्मी आहे. ‘स्वमग्नता म्हणजे मस्तिष्कस्तंभाचा जन्मजात बिघाड’ हे सरसकट विधान त्यापुढे उभे राहत नाही आणि ते सोडून द्यावे.

पण सरसकट विधान सोडले म्हणून मस्तिष्कस्तंभाचा वाटा संपत नाही. दोन महिने ही वेळ नीट पाहावी. जन्मजात, प्रतिक्षिप्त वळणे मागे पडून कॉर्टेक्स कारभार हाती घेतो तो नेमका याच सुमारास. ओढ ओसरते ती सूत्रे बदलताना, आणि सूत्रे घेणाऱ्याला देणाऱ्याकडून काय मिळाले हा प्रश्न तिथे उभा राहतो. कॉर्टेक्स रिकाम्या जागेत घडत नाही. आवाज, स्पर्श, तोल, चेहरे यांचा जो माल खालून येतो त्यावर त्याची जोडणी ठरते. तो माल संथ, गोंगाटी किंवा अनियमित असेल तर जनुके शाबूत असूनही जोडणी वेगळी होईल. आणि जनुकेही कमजोर असतील तर दोन्ही दोष एकमेकांना पोसतील. सॅम्युएल वँग यांनी २०१४ साली लहान मेंदूबद्दल हाच युक्तिवाद मांडला: बाळपणी तिथे झालेली इजा दूरवरच्या कॉर्टेक्सचा विकास वाकवते, तीच इजा मोठेपणी झाली तर तसे होत नाही. डेव्हिड गिंटी यांच्या प्रयोगशाळेत लॉरेन ओरेफिचे यांनी २०१६ साली उंदरांवर केलेला प्रयोग त्याहून धारदार आहे. त्यांनी स्वमग्नतेशी संबंधित जनुके फक्त स्पर्श वाहून नेणाऱ्या, मेंदूबाहेरच्या चेतापेशींतून काढली. उंदीर स्पर्शाला अतिसंवेदनशील झाले, भित्रे झाले आणि दुसऱ्या उंदरांत मिसळेनासे झाले. तेच जनुक प्रौढ उंदरात काढले तेव्हा स्पर्शाचा त्रास राहिला, पण वागणे बिघडले नाही. हा प्रयोग मस्तिष्कस्तंभावरचा नाही आणि उंदीर म्हणजे मूल नव्हे. पण संवेदना खालच्या पायरीवर आणि लवकर बिघडली तर सामाजिक वागणे बदलू शकते, हे तत्त्व त्याने प्रयोगाने दाखवले. ‘मस्तिष्कस्तंभ बिघडला तर श्वासच थांबेल, मूल जगेलच कसे’ या नेहमीच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. तिथे डझनावारी वेगवेगळी केंद्रे आहेत, आणि इथे चर्चा नाशाची नसून काही केंद्रांच्या गतीतल्या बारीक फरकाची आहे.

तेव्हा निवाडा असा. स्वमग्नतेच्या काही दुर्मीळ प्रकारांत उगम मस्तिष्कस्तंभात आहे, हे सिद्ध झाल्यात जमा. बऱ्याच स्वमग्न मुलांत तो जन्मापासून किंचित वेगळ्या गतीने चालतो, हे बरेच संभवनीय. सगळ्या स्वमग्नतेचे मूळ तिथेच आहे, हे पुराव्याला धरून नाही. आणि ज्या उपचारांच्या जाहिराती ‘मस्तिष्कस्तंभ जागा करू’, ‘वेगस चेता सुधारू’ असे सांगून पालकांकडून पैसे घेतात, त्यांना वरच्या कशाचाही आधार नाही. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट साधी आहे. झोप, जेवण, पोट आणि आवाजाचा त्रास यांना शिस्तीचा प्रश्न न समजता तपासणीत पहिल्यापासून जागा द्यायला हवी. देशातल्या पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवा जिल्हाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा जो मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात विकासाची अडचण असलेल्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांना एकाहून अधिक अडचणी होत्या. स्वमग्नता आणि ऐकण्याचा दोष एकाच मुलात असू शकतात, आणि एकाचे निदान झाले म्हणून दुसऱ्याची तपासणी टाळता येत नाही.

राहिला ‘बेरा’चा कागद. तो नॉर्मल आला की घरात सुटकेचा निःश्वास पडतो, ‘आजोबाही उशिराच बोलले होते’ असे कोणीतरी म्हणते आणि वर्ष निघून जाते. नॉर्मल ‘बेरा’चा अर्थ कानापासून मध्यमेंदूपर्यंतची वाट ऐकण्यापुरती मोकळी आहे, एवढाच. स्वमग्नता आहे किंवा नाही हे तो सांगत नाही, आणि लहरी थोड्या उशिरा आल्या तरीही सांगत नाही. मूल हाकेला वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, नजर टाळत असेल, तर तो कागद फाइलला लावून त्याच आठवड्यात विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे.